ओढलेल्या पायाची रेघ

दयाराम घरत मास्तरांना माणसं चेहऱ्यानं कमी आणि पायांनी जास्त ओळखू यायची. पनवेलच्या बाजारात समोरून कुणी रामराम घातला, की आधी त्यांची नजर खाली जायची आणि मग वर येत येत नाव आठवायचं. त्यांची बायको शांती यावरून त्यांना फार छळायची. म्हणायची, "चुलीपाशी बसले तर मला ओळखणार नाही तुम्ही. आधी उठून चालून दाखवावं लागेल." मास्तर हसायचे. खोड होती ती, आणि त्या खोडीपायी पुढं जे झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

मास्तर हायस्कुलात ड्रिल शिकवायचे. जन्म खाडीकाठच्या आगरी घरातला, बापाचं आयुष्य मिठागरात गेलेलं. कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायला गेले आणि येताना बास्केटबॉलचं वेड घेऊन आले. पनवेलात तेव्हा हुतूतू आणि खो-खो यांच्यापलीकडं कुणाची धाव नव्हती. टोपलीत चेंडू टाकायचा हा कसला खेळ, म्हणून म्हाताऱ्यांनी मनसोक्त टिंगल केली. मास्तरांनी ती ऐकून घेतली आणि हातातलं काम चालू ठेवलं. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तोडून लोहाराकडून कड्या वाकवून घेतल्या, जाळी कोळीवाड्यात विणून घेतली. मैदानाला माती आणली ती मिठागरातली. आगर जसं पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, तसं पोरांकडून ते मैदान तुडवून घेतलं आणि वर बारीक वाळू भुरभुरली.

खेळ रुजला. पंचावन्न सालच्या सुमाराला तर आजूबाजूच्या मिठागरांच्या गावांतून संघ निघाले होते आणि प्रत्येक संघाला आपल्यासारखा संघ त्रिभुवनात नाही असं वाटत होतं. सामन्याला दोन पंच लागायचे. मुख्य पंच अर्थात मास्तर. दुसरा मुनाफ. मुनाफ भाताच्या गिरणीवर मुकादम होता. पोरवयात मामाकडं नागपाड्याला राहिला होता, तिथं हा खेळ अंगात मुरवून आला होता. दोघांची मैत्री घट्ट, आणि भांडण त्याहून घट्ट.

भांडण एकाच गोष्टीचं. चेंडू हातात धरून उभं राहिलं, की एक पाय जमिनीला खिळलेला पाहिजे. दुसरा पाय हवा तिकडं फिरवा, पण खिळलेला पाय जागेवरून हलला की 'पावलं' झाली, चेंडू समोरच्यांना. टप्पा मारत निघायचं असलं, तर तो पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. एकदा टप्पा थांबवून चेंडू धरला, की पुन्हा टप्पा नाही. पुस्तकात हे सगळं सरळ असतं. मैदानात पाय सरकतो, चेंडू खळग्यात पडून तिरका उडतो, पोरगं तो कसाबसा सावरतं, आणि पंचाला क्षणात ठरवावं लागतं की चेंडू त्याच्या हातात विसावला होता की नुसता निसटत होता.

मुनाफ म्हणायचा, "दयाराम, कानून कशाला केला? एकानं दुसऱ्याचा हक मारू नये म्हणून ना? पाय बोटभर सरकला, त्यात कुणाचं काय गेलं? ज्या सरकण्याचा फायदा नाही त्याला शिट्टी कशाला, यार?"

"सरकला म्हणजे सरकला," मास्तर म्हणायचे. "फायदा-तोटा वाण्यानं बघावा. मी पाय बघतो."

गिरणीच्या ओट्यावर दोघांचा चहा थंड व्हायचा, पण यातला एकही हटायचा नाही. दोघांचंही पुस्तकात बसत होतं, हीच तर पंचाईत होती.

आणि मास्तरांनी आपल्या बाजूला एक साक्षीदार ठेवला होता. ते मैदान. वाळू भुरभुरलेल्या त्या मातीवर पाय ओढला, की रेघ उठायची. कुणाला शिट्टी पटली नाही, तर तो हात वर करून म्हणायचा, "मास्तर, रेघ दाखवा." मग खेळ थांबायचा. मास्तर त्या जागी जाऊन उकिडवे बसायचे आणि रेघेशेजारी बोट टेकवायचे. दोन्ही संघ आणि प्रेक्षकांतले हौशी भोवती कोंडाळं करून वाकून बघायचे. रेघ दिसली, की तोंडं बंद. असा रिवाज दुसऱ्या कुठल्या गावात नव्हता. पंचानं निर्णय द्यावा आणि पुढं जावं, पुरावे कसले देतोस, असं मुनाफ कितीदा तरी म्हणाला. पण मास्तरांना त्या रेघेचा अभिमान होता. आजवर त्यांची एकही रेघ खोटी निघाली नव्हती.

माघातली गोष्ट. चिंचखार नावाच्या मिठागराच्या वाडीचा संघ सरावाला आला होता. त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे महादेव. उंच, काटक, हातात चेंडू आला की तो त्याच्यापासून हिरावून घेणं महाकठीण. मास्तरांचा तो लाडका होता, कारण त्याचे पाय स्वच्छ होते. खिळलेला पाय म्हणजे खुंटीच. त्या दिवशी मात्र खेळ संपत आला आणि महादेव दमला, तसा त्याचा डावा पाय सरकला. मास्तरांनी शिट्टी वाजवली. महादेवनं नवलानं वर पाहिलं, पण रेघ मागितली नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

सगळे गेल्यावर मास्तर एकटेच त्या जागी जाऊन बसले. घाईत सरकलेला पाय मातीवर रुंद पुसल्यासारखी खूण ठेवतो. ही रेघ बारीक होती. अंगठ्यानं ओढलेली. पायाचा पुढचा भाग उचलायचा राहूनच गेला होता.

तसली रेघ त्यांनी एकदाच पाहिली होती, लहानपणी. त्यांची आत्या, भामा. तिला गावाबाहेर खाडीच्या बांधावर खोपट बांधून दिलं होतं. मास्तर तिला भाकरी द्यायला जायचे. भाकरी दगडावर ठेवायची आणि लांब उभं राहायचं, अशी घरची ताकीद होती. आत्या खोपटातून बाहेर यायची आणि तिच्या मागं धुळीत अंगठ्याची बारीक रेघ उमटत यायची. पुढं ती खोपटातच मेली. रक्तपिती, म्हणजे महारोग, हा शब्द घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे.

आपल्याला उगाच भलतं दिसतंय, असं मास्तरांनी स्वतःला बजावलं. पुढच्या सरावात मुनाफनं विडी ओढून थोटूक खाली टाकलं. महादेव त्याच्याशी बोलत बोलत दोन पावलं पुढं आला आणि अनवाणी डाव्या पायानं नेमका त्या विस्तवावर उभा राहिला. बोलणं चालू. हसणं चालू. मास्तर त्या पायाकडं बघत राहिले. महादेव बाजूला झाला तेव्हा टाचेजवळ काळा डाग होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

आता बजावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मास्तरांनी ते फक्त मुनाफला सांगितलं. मुनाफचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "नेऱ्याच्या बाजूला दवाखाना निघालाय म्हणतात. आता गोळ्या आहेत, दयाराम. लवकर गेला तर पाय वाचेल, पोरगा वाचेल. आज जा. एकट्याला गाठ आणि सांग."

"आणि बाहेर फुटलं तर? त्याची बहीण, मालू, तिचं लग्न ठरलंय वैशाखात. एका शब्दानं घर बसेल."

"म्हणून तर एकट्याला गाठ म्हणतोय. आणि तोवर मैदानात त्या पायाला शिट्टी नको. कसम घे. तो पाय सरकून कुणाचा हक मारत नाही. कुठल्याही कानुनानं तो सोडता येतो."

मास्तरांनी मान डोलावली. ते खरंच चिंचखारला गेले. महादेवच्या आईनं, चंद्रावतीनं, ओटीवर घोंगडी अंथरली, चहा दिला, मालूच्या लग्नाच्या गोष्टी सांगितल्या. महादेव समोर बसून पुढच्या सामन्याचे बेत सांगत होता. त्याला बाहेर बोलावून घ्यावं, एवढंच करायचं होतं. मास्तर चहा पिऊन परत आले. फाल्गुनात पुन्हा गेले, पुन्हा तसेच आले. कधी वाटायचं, आपण काय डॉक्टर आहोत? कधी वाटायचं, हनुमान जयंतीचा सामना होऊन जाऊ दे, पोराच्या आयुष्यातला मोठा दिवस आहे, मग सांगू. खरं सांगायचं तर मास्तर भ्याले होते. बांधावरच्या खोपटाचं भय त्यांच्या हाडात बसलं होतं, आणि त्या भयाला ते दया समजत होते. इकडं महादेव दर सरावाला थोडा जास्त लवकर दमत होता.

हनुमान जयंतीला पनवेलच्या संघाविरुद्ध चिंचखार असा सामना ठरला. अख्खी वाडी लोटली. गाड्या जुंपून आले, होड्यांतून आले. मालूच्या होणाऱ्या सासरचीही माणसं आली होती, नवरदेवाच्या मेव्हण्याचा खेळ बघायला, आणि त्यांच्यात नवऱ्या मुलाची आजी सखूबाई अगदी पुढं गोणपाटावर बसली होती. ऊन कलतं होतं पण वारा पडला होता. खाडीकडून चिखलाचा कुबट वास येत होता.

मुनाफ जाता जाता कानाशी म्हणाला, "कसम ध्यानात आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाले.

पहिला भाग निभावला. दुसऱ्या भागात महादेवचा पाय सरकू लागला. एकदा सरकला, मास्तरांनी शिट्टी ओठांत धरून ठेवली. पुन्हा सरकला, त्यांनी मान वळवली. पनवेलच्या पोरांनी 'पावलं, पावलं' म्हणून गिल्ला केला. मास्तरांचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा भर सामन्यात त्यांनी पाहिलेला पाय न पाहिल्यासारखा केला होता, आणि मैदानभर लोक ते बघत होते.

सामना संपत आला तेव्हा गुण सारखे होते. चेंडू महादेवकडं आला. कडीच्या जवळ, पाठीवर दोघं जण. त्यानं टप्पा थांबवला, चेंडू छातीशी धरला, डावा पाय रोवून गर्रकन वळला आणि उडी मारून चेंडू कडीत सोडला. जाळं हललं. चिंचखारची माणसं किंचाळत उभी राहिली.

आणि शिट्टी वाजली.

मास्तरांना आधी कळलंच नाही की ती आपली. ओठांनी ती आपणहून वाजवली होती. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्याशी दगा केला.

ओरडा एकदम थांबला. महादेव धापा टाकत समोर आला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती खातरी होती. तो म्हणाला, "मास्तर, माजा पाय हालला नाय. आईची आन. मी रोवून उभा व्हतो."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

मुनाफ धावत आला. "मी बघितलं नाही. मला काही दिसलं नाही. दयाराम, शिट्टी मागं घे. चुकली म्हण. पंचाची चूक होते."

चुकली, एवढा एक शब्द. मास्तर तो म्हणणारही होते. पण पनवेलकडून कुणीतरी ओरडलं, "आगरी आगऱ्यालाच संभाळणार!" आणि लगेच चिंचखारकडून, "गावचा पगार खातो, गावाचीच शिट्टी वाजवणार!" दोन्हीकडून चिखल उडाला. मास्तरांनी आयुष्यात एकच गोष्ट कमावली होती, आणि ती दोन्ही बाजूंनी लोक तुडवत होते. तेवढ्यात महादेवनंच हात वर केला.

"मास्तर, रेघ दाखवा."

चिंचखारच्या साऱ्या माणसांनी ते उचलून धरलं. "रेघ दाखवा! रेघ दाखवा!"

मुनाफनं मास्तरांचा दंड धरला. मास्तरांनी तो सोडवून घेतला. ते कडीखाली गेले, उकिडवे बसले आणि बोट टेकवलं. त्या क्षणी त्यांच्या मनात महादेव नव्हता, हे त्यांनी पुढं कधीच कुणापाशी नाकारलं नाही. त्या क्षणी त्यांना फक्त आपण खरे आहोत एवढंच दाखवायचं होतं.

कोंडाळं जमलं. सगळे वाकले. रेघ होती. बारीक, अंगठ्यानं ओढलेली, आणि ती लाल होती.

"रगत हाय," कुणीतरी म्हणालं.

नजरा महादेवच्या पायाकडं वळल्या. त्याच्या डाव्या तळव्याच्या कडेला मातीतून वर आलेला कालवाच्या शिंपीचा तुकडा रुतून बसला होता, चांगला खोल. रक्त बोटांखालून ओघळत होतं आणि तो त्याच पायावर पूर्ण भार देऊन उभा होता.

सखूबाई पुढं सरकली होती. म्हाताऱ्या माणसाला जे लगेच दिसतं ते तरण्यांना दिसत नाही. तिनं हलक्या आवाजात विचारलं, "पोरा, दुकत नाय तुला?"

महादेव खाली बघून हसला. "काय दुकायचंय, आजी?" म्हणाला, आणि खाली वाकून त्यानं ती शिंप काटा काढावा तशी उपटली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

सखूबाईनं पदर तोंडावर घेतला आणि एक पाऊल मागं घेतलं. मग तिच्या शेजारच्यानं. मग सगळ्यांनी. कोंडाळं नुसतं मोठं होत गेलं, मोठं होत गेलं, आणि मधे महादेव हातात शिंप घेऊन उभा राहिला. तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. मागून चंद्रावतीचा हंबरडा ऐकू आला. तिला बहुधा बरेच दिवस शंका होती.

सामना तिथंच राहिला. चेंडूला कुणी हात लावेना, तो कुंपणाशी लोळत गेला आणि तिथंच पडला. दुसऱ्या दिवशी कडीखालची माती कुणीतरी खणून नेऊन खाडीत टाकली. आठवडा गेला नाही तोच मालूच्या सासरहून सुपारी परत आली.

मास्तर आणि मुनाफ चिंचखारला गेले, तेव्हा महादेव घरात नव्हता. चंद्रावतीनं दारातून नुसता हात दाखवला. मिठागराच्या टोकाला राखणदाराची पडकी झोपडी होती, तिथं तो बसला होता. आगरात मिठाच्या राशी उन्हात डोळे दिपवत होत्या आणि जवळपास एकही माणूस काम करत नव्हता. पाय फडक्यात गुंडाळलेला होता.

"चल," मुनाफ म्हणाला. "नेऱ्याला जाऊ. गाडी आणलीय."

महादेव उठला नाही. त्यानं मास्तरांकडं पाहिलं. "मास्तर, तुमाला कवा कललं?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. "माघात," ते म्हणाले.

"माघात." महादेव फडक्याची गाठ आवळत म्हणाला, "तुमी घरी आल्ते माघात. आईनं च्या दिला."

"हो."

"फाल्गुनात पन आल्ते."

मास्तरांनी मान खाली घातली.

"मना एकट्याला सांगितलं असतं," महादेव म्हणाला, "तर मी रातोरात चालत गेलो असतो. कोनाला कललं नसतं. मालूचं लगीन झालं असतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "तवा तुमच्या तोंडातनं सबुद निगला नाय. आन शिट्टी निगली."

मास्तरांना क्षमा मागायची होती. पण कसली मागणार? शिट्टी बरोबर होती. रेघ बरोबर होती. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अचूक निर्णय तोच होता, आणि त्यानं एक अख्खं घर बुडवलं होतं.

शेवटी मुनाफनं महादेवच्या खांद्याखाली हात घातला आणि त्याला उठवलं. कुणी नको म्हणायच्या आत त्याला गाडीत चढवलं, स्वतः त्याला खेटून बसला, आणि त्याचा गुंडाळलेला पाय आपल्या मांडीवर घेतला, वाटेत हादरे बसू नयेत म्हणून. मास्तर समोर बसले. गाडी निघाली. वाडीतली दारं एकेक करून लागत गेली.

वाडी मागं पडली. मग मास्तरांच्या लक्षात आलं की महादेव खाली बघतोय. इतकी वर्षं मास्तर लोकांच्या पायांकडं बघत आले होते, आज कुणीतरी त्यांच्या पायांकडं बघत होतं. त्यांनीही खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय गाडीच्या कडेला, महादेवपासून जितके लांब जातील तितके लांब जाऊन, एकमेकांना चिकटून बसले होते. ते तिथं कधी सरकले, मास्तरांना कळलं नव्हतं.

महादेवनं नजर वर करून त्यांच्याकडं पाहिलं आणि मग तो बाहेर बघू लागला. मास्तरांनी पाय पुढं घ्यायचा प्रयत्न केला. मनापासून केला. नेरे आलं तरी ते पुढं आले नव्हते.